‘यावर सगळं झालंय, मॅडम’

विषय ठरवायचे दिवस आले की हे वाक्य ऐकायला मिळतंच. ताराबाई शिंदे नकोत, त्यांच्यावर झालंय. केशवसुतांवर झालंय. बहिणाबाईंवर तर कितीतरी झालंय. मग मुलं ज्याच्यावर कुणीच लिहिलेलं नाही असा लेखक शोधत फिरतात. तो सापडला की प्रकल्पाची पहिली वीस पानं त्याच्या जीवनपरिचयात जातात, पुढची वीस कवितांच्या सारांशात, आणि शेवटी ‘या कवीने समाजमनाचा ठाव घेतला आहे’ असा निष्कर्ष येतो. अप्रसिद्ध कवीवर काम करू नये असं अजिबात नाही. पण त्याला कुणी हात लावलेला नाही, एवढंच कारण असेल तर ते पुरत नाही.

यात मुलांचा दोष कमी आहे. संशोधन म्हणजे नवं, आणि नवं म्हणजे कुणीच न केलेलं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. हा गैरसमज आता वेळीच खोडायला हवा, कारण तो पदवीच्या वर्गात शिरतो आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते, आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. एरवी एम.ए.ला पडणारे प्रश्न विशीतल्या मुलामुलींपुढे येणार आहेत.

ज्यांच्यावर ‘सगळं झालंय’ त्या ताराबाईच घेऊ. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली, पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर लेख येऊ लागले. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. ती १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली. तिच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं १९७५ मध्ये, म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी. रोझालिंड ओ’हॅन्लन यांचा इंग्रजी अनुवाद आला १९९४ मध्ये. एवढ्याशा काळात एखाद्या पुस्तकाबद्दलचे सगळे प्रश्न संपले, हे कुणी आणि कधी मोजलं?

आता पुस्तक उघडा. ताराबाई केवळ पुरुषांना जाब विचारत नाहीत, त्या काळच्या कथा-कादंबऱ्यांनाही विचारतात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ही नावं त्यांच्या लेखनात येतात. या पुस्तकांत बाईचं चित्र कसं रंगवलंय यावर त्यांचा आक्षेप आहे. म्हणजे १८८२ मध्ये एक बाई मराठी कादंबरीची वाचक म्हणून बोलते आहे. मग एक विद्यार्थिनी असं विचारू शकते: ताराबाईंनी ‘मुक्तामाला’ कशी वाचली? त्यातलं काय उचललं, काय सोडलं? त्यांचा आक्षेप कादंबरीवर न्याय्य ठरतो का? उत्तरासाठी टेबलावर दोन पुस्तकं लागतात आणि सहा महिने नेट लावून वाचावं लागतं. ‘ताराबाई शिंदे: व्यक्ती आणि वाङ्मय’ अशा नावाच्या प्रकल्पात हा प्रश्न सुचतही नाही, कारण तिथे प्रश्नच नसतो.

याच पुस्तकात दुसरी वाट आहे सर्वनामांची. ताराबाई पुरुषांना थेट ‘तुम्ही’ म्हणून गाठतात. पण ‘आम्ही’ म्हणताना त्यांच्या मनात नेमक्या कोणत्या बायका असतात? सगळ्या, की विधवाविवाहाची बंदी असलेल्या जातींतल्या? प्रत्येक जागा वहीत उतरवून काढा, भोवतीचं वाक्य लिहा, मग बोला. अडलेल्या शब्दासाठी आजचा कोश उघडू नका. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, म्हणजे ताराबाईंच्या काळाच्या जवळची, आणि ती इंटरनेटवर फुकट आहे.

आधीचं लेखन अशा वेळी आडवं येत नाही, उलट हात देतं. मालशे नसते तर पुस्तकच हाती नसतं. जुन्यांनाही हे ठाऊक होतं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तरी राजवाड्यांना वेगळी जुनी पोथी मिळाल्यावर त्यांनी १९०९ मध्ये ती छापलीच. एकनाथांनी केलंय म्हणून ते थांबले नाहीत.

मला खरा राग येतो तो ‘सगळं झालंय’ हे न पाहता म्हटलं जातं याचा. कुठे पाहिलंस, असं विचारलं की उत्तर येतं: गूगलवर. मराठीतलं साहित्यविषयक लेखन मोठ्या प्रमाणावर नियतकालिकांत पडून आहे. १८६७ पासून १९३७ पर्यंत चाललेल्या एकट्या ‘विविधज्ञानविस्तार’चे अंक एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहालयात उघडून बसलात तर गूगलला किती थोडं दिसतं ते कळेल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची दोन खंडांत करून ठेवली आहे. नियतकालिकांची सूचीही आहे. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. एवढं चाळून आलेली मुलगी ‘झालंय’ म्हणत नाही. कुणी काय म्हटलं, कुणाचं कुणाशी पटत नाही, आणि आपल्याला कुठे खटकतं, हे ती सांगते. पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे हेच. ‘अमुक यांनी अमुक ग्रंथ लिहिला’ अशा ओळींची यादी म्हणजे आढावा नव्हे.

याच्या जोडीला छोटे गैरसमज पुष्कळ आहेत. विषय मोठा म्हणजे संशोधन मोठं, हा त्यातला एक. ‘मराठी कादंबरीतील स्त्री’ हा विषय ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) आजपर्यंत पसरतो, आणि साठ पानांत कुठल्याच कादंबरीला न्याय मिळत नाही.

गृहीतक असलंच पाहिजे, हाही तसाच. कवितेपुढे चांगला प्रश्न ठेवा, सिद्ध करायचं विधान आधीच लिहून ठेवू नका.

‘मला वाटते’ लिहायचं नाही, असं मुलांना सांगितलं जातं. वाटण्याला मजकुरातला पुरावा दिलात तर खुशाल लिहा. ‘प्रस्तुत संशोधकास असे आढळून आले’ म्हटल्याने पुरावा वाढत नाही.

कोणतीही आवृत्ती चालते, हेही खरं नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये हप्त्याहप्त्याने येत होती. कथनातली उत्सुकता कशी ताणली जाते यावर लिहायचं असेल तर तो हप्ता कुठे तुटत होता, हे नुसत्या पुस्तकावरून कळणार नाही.

आणि ‘दहा टक्के उचललं तर चालतं’. हा गैरसमज शिक्षकांच्या तोंडीही असतो, म्हणून नियमच सांगते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. ते प्रमाण काढतानाच श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य वगळलेलं असतं. म्हणजे ती सवलत किरकोळ साम्यासाठी आहे. साठ पानांतली सहा पानं नाव न घेता उचलायची परवानगी त्यात कुठेही नाही.

शेवटचा गैरसमज सर्वांत जास्त वेळ खातो: सगळं वाचून झाल्यावरच लिहायला बसायचं. असं करणाऱ्यांना मी फेब्रुवारीत रडताना पाहिलं आहे. म्हणून ताराबाईंवर काम करायचं म्हणणाऱ्या मुलीला पहिल्याच आठवड्यात सांगते: ‘मुक्तामाले’तलं एकच पात्र घे. ते काय करतं, काय बोलतं, ताराबाईंना त्यातलं काय खुपलं असेल, यावर एक पान लिही. प्रत्येक विधानापुढे पृष्ठक्रमांक टाक, कुठली आवृत्ती वापरलीस ते खाली लिही, आणि सोमवारी घेऊन ये.