बॉयलर, गंज आणि सोंगं

जग बुडालं आहे. वीज गेली, पेट्रोल संपलं. उरलीसुरली माणसं जुने बॉयलर पेटवून वाफेवर दिवस काढताहेत. ही कादंबरी नव्हे, शनिवार-रविवारचा खेळ आहे. नाव लार्प, म्हणजे लाइव्ह अ‍ॅक्शन रोल प्ले. संहिता नाही, पाठांतर नाही आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक नाहीत. जो आला तो पात्र.

इंग्लंडात चेशरमधल्या पेकफर्टन किल्ल्यात १९८२ साली ‘ट्रेझर ट्रॅप’ सुरू झालं आणि तिकडे या छंदाने बाळसं धरलं. तेव्हा राक्षस नि जादूगार असत. वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या अशा कल्पित जगाच्या गोष्टींना ‘स्टीमपंक’ हे नाव के. डब्ल्यू. जेटर या लेखकाने १९८७ मध्ये सुचवलं, तेही निम्मं थट्टेत.

लार्पचं कॅम्पेन म्हणजे एकच गोष्ट महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालवायची. मागच्या खेपेला तुमच्या मिस्त्रीने गावाचं पाणी परस्पर विकलं असेल, तर पुढच्या खेपेला गाव ते विसरलेलं नसतं. मेलात तर नवं पात्र घेऊन या. लढाई लुटुपुटूची, नियम मात्र कडक: तलवारीच्या पोटात फायबरग्लासची कांब, वर फोम, त्यावर लॅटेक्सचा लेप, पंचाने आवाज दिला की सगळे जागच्या जागी. खरी मौज वेशात आहे. नवाकोरा शर्ट चहाच्या पाण्यात भिजवायचा, कॉलर सँडपेपरने झिजवायची, प्लास्टिकच्या पाइपला आधी काळा रंग, वरून पितळी, शेवटी कडांवर गंजाचा हात. गॉगलची हौस मात्र मला अतीच वाटते. तो कपाळावरून डोळ्यांवर क्वचितच उतरतो.

ठाणे-कल्याणकरांना यासाठी लंडनचा धूर उसना आणायला नको. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोचले.

सोंगंही इथलीच. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हार-मोखाड्यात बोहाड्याला मुखवटे चढवून देव-दानव रात्रभर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, हा मान पिढीजात असतो. पण बोहाडा हे देवकार्य आहे, आणि त्यातला महिषासुर मरणारच. लार्पमध्ये कोण मरेल, हे खेळवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

एकांकिकांच्या तालमीत रात्री जागवणाऱ्या डोंबिवली-ठाण्याच्या पोरांनी हा खेळ एकदा करून पाहावा. नेपथ्य, रंगभूषा, ऐनवेळी संवाद सुचणं, सगळं त्यांच्यापाशी आहे. फक्त टाळ्यांची सवय सोडावी लागेल. जागा म्हणून एखादं शेतघर रीतसर भाड्याने घ्या. रुळांच्या आसपास जाऊ नका, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. आणि लोकलने जाताना सोंगाचं पितळी पिस्तूल पिशवीच्या तळाशी ठेवा.