गोळ्या घेऊनही रक्त वाढेना? सीबीसीचा कागद नीट पाहा

देवरूखच्या आसपासच्या वाड्यांतली बाई गरोदरपणात दवाखान्यात गेली की तिचे हिमोग्लोबिन तपासतात. कमी निघाले तर लोहाच्या गोळ्या मिळतात. बहुतेकींना गुण येतो. पण एखादीचे हिमोग्लोबिन तीन महिने गोळ्या घेऊनही ९-१० वरच अडते. मग घरात बोलणे सुरू होते, "ही गोळ्या घेतच नसेल." दोष तिचा नसेलही. ती कदाचित थॅलेसेमियाची वाहक असेल.

लोहाची कमतरता अपुरा आहार, पाळीत जास्त रक्त जाणे, जंत, पाठोपाठची बाळंतपणे यांमुळे येते आणि उपचाराने भरून निघते. वाहकपणा आई किंवा वडिलांकडून जन्मतःच येतो. तो आजार नव्हे; वाहक माणूस सगळी कामे करतो. पण गोळ्यांनी तो जात नाही. दोन्हींत रक्ताच्या तांबड्या पेशी लहान दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

सीबीसीच्या कागदावर दोन आकडे शोधा. एमसीव्ही म्हणजे पेशीचा आकार, आरबीसी म्हणजे पेशींची संख्या. पहिल्याला दुसऱ्याने भागा. एमसीव्ही ६२ आणि आरबीसी ५.६ असेल तर उत्तर ११ येते. १३ पेक्षा कमी आले तर थॅलेसेमियाचा संशय घ्यावा. एमसीव्ही ७० आणि आरबीसी ३.९ असेल तर उत्तर १८. तेव्हा लोह कमी असण्याची शक्यता जास्त. हा फक्त अंदाज आहे, निदान नव्हे. एकाच व्यक्तीत दोन्हीही असू शकतात.

खात्रीसाठी दोन तपासण्या आहेत. फेरिटिन शरीरातला लोहाचा साठा सांगते. एचपीएलसीमध्ये हिमोग्लोबिन ए-२ साधारण ३.५ टक्क्यांहून जास्त आले तर ती व्यक्ती वाहक समजतात. मात्र लोह फार कमी असेल तर ए-२ खाली दिसू शकते. तेव्हा लोह भरून काढून पुन्हा तपासावे लागते. विदर्भात आपल्या समाजात आढळणारा सिकलसेलही याच तपासणीत कळतो.

हे कळणे का गरजेचे? नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही जन्मभर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे, तो याचसाठी.

म्हणून मंगल परिणय ठरवताना मुलगा-मुलगी दोघांची एचपीएलसी करून घ्या. मामाची किंवा आत्याची मुलगी करायची असेल तर नक्कीच. गरोदर बाई वाहक निघाली तर नवऱ्याचे रक्त लगेच तपासा. दोघेही वाहक असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच मोठ्या रुग्णालयात जा. तिथे वारेच्या नमुन्यावरून बाळाची तपासणी करता येते. मुंबईत नातलग असतील तर परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील आयसीएमआरच्या एनआयआयएच या संस्थेत चौकशी करायला सांगा.

गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. कागद घेऊन डॉक्टरांना एवढेच विचारा, "माझी एचपीएलसी करायची का?"