चार नावे

नाशिकच्या रामकुंडावर एखाद्या दिवंगत स्त्रीचे उत्तरकार्य चालू असताना तीर्थोपाध्याय, म्हणजे क्षेत्री येणाऱ्या कुटुंबांचे पिढीजात पौरोहित्य करणारे गुरुजी, जो प्रश्न विचारतात तो वरकरणी अगदी साधा असतो. तरीही ज्या घरांत त्या स्त्रीच्या आठवणी तासन्‌तास निघतात, त्याच घरांतील माणसे या प्रश्नापाशी हमखास अडखळतात. प्रश्न नावांचा असतो.

क्षौर, स्नान, दहाव्या दिवसाची दशक्रिया हे विधी ठरल्या क्रमाने उरकतात. खरी अडचण बाराव्या दिवसाच्या सपिंडीकरणात येते. मृत व्यक्तीला ‘प्रेत’ या अवस्थेतून सोडवून पितरांच्या पंक्तीत बसवण्याचा हा विधी असून, महाराष्ट्रात रूढ असलेल्या एका पद्धतीनुसार आईचा पिंड तिच्या सासू, आजेसासू आणि पणजेसासूच्या पिंडांत, म्हणजेच कर्त्याची आजी, पणजी आणि खापरपणजी यांच्या पिंडांत मिळवला जातो. विधीत स्त्रीच्या नावापुढे ‘दा’ हा प्रत्यय लावून, नाते आणि गोत्र यांसह तिचा उच्चार करावयाचा असल्याने गुरुजींना आईसह चार नावे लागतात. “चार नावं सांगा,” एवढेच ते म्हणतात. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणून वेळ निभावते, परंतु नावाची गोष्ट तशी नाही.

अशाच एका कार्यात पन्नाशी ओलांडलेले दोघे भाऊ दर्भाच्या आसनांवर बसले होते. आईचे नाव थोरल्याने तत्काळ सांगितले. आजीविषयी विचारताच तो “माई” म्हणाला, आणि गुरुजींनी मान हलवताच धाकट्याकडे पाहू लागला. माई पुरणाला जायफळ किती घालीत, कोणत्या नातवाला दृष्ट लागली म्हणून कधी मीठमोहऱ्या ओवाळीत, हे दोघांनाही तोंडपाठ होते. आजीचे नाव मात्र घरात कोणी घेतच नव्हते. सासरे तिला सूनबाई म्हणत, दीर वहिनी म्हणत, नवरा तर हाकही मारत नसे, आणि मुलांनी थोरल्यांचे ऐकून जे संबोधन उचलले तेच नातवंडांपर्यंत आले.

अखेर आत्याला फोन लावला गेला. आत्याने दोन नावे सांगितली, एक माहेरचे आणि एक सासरचे, कारण लग्नानंतर ताटातल्या तांदळांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिण्याची चाल त्या घरातही होती. गुरुजींनी सासरचे नाव घेतले, ते रीतीला धरूनच होते. पणजीचे नाव धाकट्याला आठवले ते शेतीच्या कागदांवरून, पणजोबा वारल्यावर झालेल्या वारसनोंदीच्या फेरफारात ते असल्यामुळे. घराने विसरलेले नाव तलाठ्याच्या दप्तराने जपावे, यात घराची शोभा नाही. चौथे नाव आत्यालाही ठाऊक नव्हते. गुरुजींनी खापरपणजीचा उच्चार केवळ नात्याने आणि गोत्राने केला व ते पुढे सरकले.

पुढचे काम हातांचे असते. भाताचा लांबट प्रेतपिंड आणि त्याच्यासमोर पितरांचे तीन गोल पिंड मांडलेले असतात. कर्ता लांबट पिंडाचे दर्भाने तीन भाग करतो आणि एकेक भाग एकेका गोल पिंडात दाबून मिसळतो. भात ओला व चिकट असल्याने थोरल्याच्या बोटांना लागत होता, काळे तीळ तळहाताला चिकटून राहत होते, आणि सांधा दिसेनासा होईपर्यंत पिंड वळा, असे गुरुजी पुन्हापुन्हा सांगत होते. आई ज्या सासूच्या हाताखाली उभा जन्म राबली, तिच्यातच ती अशी मिळाली; तिच्या स्वतःच्या आईला या तिघींत स्थान नाही. ती येते मातामहवर्गात, म्हणजे आईच्या वडिलांकडील पितरांत, आणि तेथेही ‘सपत्नीक’ या विशेषणाच्या आडून.

ही रचना पुरुषांच्या वंशासाठी केलेली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तीर्थोपाध्यायांच्या नामावळी, म्हणजे येऊन गेलेल्या यात्रेकरूंच्या गाववार आणि कुळवार नोंदवह्या, मुख्यतः बाप, मुलगा, नातू या साखळीने चालतात. तथापि, चार पिढ्यांतील स्त्रियांची नावे एका दमात मागणारा दुसरा प्रसंग मराठी घरात शोधूनही सापडत नाही, आणि ज्या पौरोहित्याला जुनाट म्हणून हिणवले जाते तेच येथे घरच्यांपेक्षा अधिक चौकस ठरते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. ही मुले आईबाप होतील आणि त्यांची मुले पुढे घाटावर बसतील, तेव्हा आईचे आणि वडिलांच्या आईचे, अशी चारपैकी दोन नावे कागदावर मिळतील. उरलेल्या दोन नावांसाठी तेव्हाही आत्यालाच फोन करावा लागेल.