थांबलेला घाणा

श्रद्धा रोजच्या कामात कशी उतरवायची, हा ख्रिस्ती धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने त्याला नवे वळण दिले. धर्मगुरूच्या सेवेइतकेच शेतकऱ्याचे किंवा मोलकरणीचे कामही ईश्वराने सोपवलेले आहे, असे त्याचे म्हणणे होते. या प्रश्नाचे याहून जुने एक उत्तर मला आपल्या पेण-रोह्याच्या मुलखात सापडते. ते ख्रिस्ती नाही, पण ज्या दहा आज्ञा ख्रिस्ती माणूसही मानतो त्यांतूनच आलेले आहे.

कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत. ते मराठी बोलत आणि पेणकर, रोहेकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावत. हिब्रूचे ज्ञान जवळपास लोपले होते. सुंता, ‘शमा’ ही प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती मात्र टिकली होती. शेजाऱ्यांना त्यांचे धर्मग्रंथ ठाऊक नव्हते, पण शनिवारी त्यांचा घाणा फिरत नाही एवढे दिसत होते. म्हणून त्यांना नाव पडले ‘शनिवार तेली’. सोमवार हा शंकराचा वार मानून त्या दिवशी घाणा बंद ठेवणारे लिंगायत तेली ‘सोमवार तेली’ ठरले. गावाने दोघांनाही ओळखले ते घाणा कोणत्या वारी थांबतो त्यावरून.

या थांबण्याला किंमत होती. घाणा बंद म्हणजे त्या दिवशी तेल नाही, पेंड नाही आणि विक्रीही नाही. पण शब्बाथच्या आज्ञेतली विश्रांती फक्त मालकासाठी नाही. ती चाकराला आहे, परक्याला आहे आणि गुराढोरांनाही आहे. डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणाऱ्या बैलालाही त्या दिवशी सुट्टी मिळे. मला या आज्ञेचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथे धन्याच्या श्रद्धेचा लाभ मुक्या कामकऱ्यापर्यंत पोचतो.

एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनरी या समाजापर्यंत पोचले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकली, पुढे काही जण शिक्षकही झाले. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. बहुतेकांनी या शिक्षणाचा उपयोग आपलाच धर्म नव्याने समजून घेण्यासाठी केला.

खरी कसोटी मुंबईत लागली. पलटण, रेल्वे, सरकारी कचेरी यांचे वेळापत्रक ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे होते आणि सुट्टी रविवारची. घाणा स्वतःचा होता तोवर शनिवारही स्वतःचा होता; पगारी नोकरीत तो साहेबाच्या हाती गेला. याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, असा आधार त्या मागणीला होता. 10 जून 1890 रोजी ती मान्य झाली. ख्रिस्ती लोकांचा प्रार्थनेचा दिवस असा मराठी कामगाराच्या देवाचाही झाला. शनिवार पाळणाऱ्याची अडचण मात्र सुटली नाही.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावर त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली. त्यांना निदर्शने करावी लागली. अखेर 1964 मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले. धर्मपीठ वंशावळी तपासत होते. आमच्या गावकऱ्यांनी शेकडो वर्षे फक्त घाण्याकडे पाहून तोच निर्वाळा दिला होता.

कामात श्रद्धा आणायची म्हणजे काम मन लावून, प्रामाणिकपणे करायचे, असे आपण समजतो. ते खरेच आहे. पण नफा समोर दिसत असताना हात आवरणे आणि आपल्यासाठी राबणाऱ्यालाही त्या दिवशी मोकळे सोडणे, हेही त्यातच येते. आज दुकाने आठवड्याचे सातही दिवस उघडी असतात. तिथे राबणाऱ्याचा वार कोणता, हे विचारण्याची वेळ आली आहे.