नाव एक, संस्था दोन: कोर्टात नेमकं काय तपासलं जातं?

बंगळूरच्या राजाजीनगर भागात एका टेकडीवर राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे. १९९७ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मंदिर कुणाचं, असं दर्शनाला आलेल्या कुणालाही विचारलं तर उत्तर येईल, ‘इस्कॉनचं’. कोर्टाला मात्र एवढं उत्तर पुरत नव्हतं, कारण त्या नावाच्या संस्था दोन होत्या, एक मुंबईची आणि एक बंगळूरची. दोन्हींचे गुरू एक, मंत्र एक आणि पूर्ण नावही एकच, आंतरराष्ट्रीय कृष्णभावनामृत संघ.

हा दावा २००१ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने बंगळूरच्या संस्थेच्या बाजूने निकाल दिला. २०११ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि मुंबईच्या बाजूने कौल दिला. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा फिरवला. त्यानंतर मुंबईने फेरविचारासाठी अर्ज केला.

पाव शतक कशावर गेलं, हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे. आपण एखाद्या देवस्थानाचे विश्वस्त असाल, मठाचे शिष्य असाल, चर्चच्या मंडळीचे सभासद असाल किंवा नुसते वर्गणी देणारे असाल, तरी फूट पडली की हेच प्रश्न आपल्या दारात येतात. ते कोणत्या क्रमाने येतात ते पाहू.

सगळ्यात आधी भांडणाचं मूळ आणि दाव्याचा विषय यांत फरक करायला हवा. इस्कॉनमधलं मूळ भांडण दीक्षेचं होतं. संस्थापक भक्तिवेदांत स्वामी प्रभुपाद १४ नोव्हेंबर १९७७ रोजी वृंदावनात निवर्तले. त्यांच्यामागे शिष्यांनी गुरू व्हायचं, की प्रभुपादांच्या वतीने ऋत्विक म्हणून, म्हणजे केवळ प्रतिनिधी म्हणून, दीक्षा द्यायची, यावरून दोन तट पडले. एका बाजूला जगभरचा कारभार पाहणारं नियामक मंडळ होतं, तर ऋत्विक पद्धत मानणाऱ्या दुसऱ्या बाजूने प्रभुपादांच्या हयातीतल्या ९ जुलै १९७७ च्या पत्राचा आधार घेतला.

यातलं खरं कोण, हे दिवाणी कोर्ट सांगत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९ नुसार मिळकतीचा किंवा पदाचा हक्क हा दिवाणी हक्क आहे. त्याचा निर्णय धार्मिक रीतींवर अवलंबून असला तरी कोर्ट तो तपासू शकतं. म्हणजे ‘खरा भक्त कोण’ हा प्रश्न घेऊन गेलात तर दार बंद आहे. ‘या इमारतीचा ताबा कुणाचा’ हा प्रश्न घेऊन गेलात तर ते उघडं आहे.

याचं मुंबईतलं ठळक उदाहरण दाऊदी बोहरा समाजाचं आहे. २०१४ मध्ये बावन्नावे सय्यदना निवर्तल्यावर त्रेपन्नावे कोण, यावर दोन दावेदार उभे राहिले. वाद होता तो ‘नस’चा, म्हणजे आधीच्या प्रमुखाने वारस नेमला होता का आणि कुणाला, याचा. मुंबई उच्च न्यायालयाने २३ एप्रिल २०२४ रोजी दावा फेटाळला आणि सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन यांचं पद कायम राहिलं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तेव्हा स्पष्ट केलं की निकाल श्रद्धेवर नसून पुराव्यावर आहे.

इथेच पहिली चूक होते. दुखावलेली माणसं वकिलाकडे जातात आणि दाव्याच्या अर्जात पानंच्या पानं तत्त्वज्ञान लिहून घेतात. दु:ख खरं असतं, पण त्या पानांवर एकही मुद्दा सिद्ध होत नाही. वकिलाकडे जाताना आधी नोंदणीचं प्रमाणपत्र घेऊन जा.

कारण पुढची पायरी ओळख पटवण्याची आहे. गावात एकाच नावाची दोन माणसं असली की तलाठी वडिलांचं नाव विचारतो. तसं कोर्ट संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारतं. मुंबईच्या इस्कॉनची नोंदणी १९७१ मध्ये, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली झाली. बंगळूरची संस्था १९७८ मध्ये कर्नाटकाच्या १९६० च्या कायद्याखाली नोंदली गेली. निबंधकांची कार्यालयं राज्यवार असतात आणि एका राज्याची वही दुसऱ्या राज्यात आपोआप तपासली जात नाही. म्हणून एकाच नावाच्या दोन संस्था, दोन्ही कायदेशीर, अशी स्थिती उद्भवू शकते. बाहेरून जी ‘शाखा’ वाटते ती कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यक्ती असू शकते.

महाराष्ट्रात आपल्या संस्थेची ओळख पाहायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढायचा. लोक त्याला शेड्यूल वन किंवा पीटीआरचा उतारा म्हणतात. त्यात न्यासाचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, विश्वस्तांची नावं असतात, नवे विश्वस्त कसे नेमायचे याची रीत असते, उद्देश असतात आणि स्थावर-जंगम मिळकतीची नोंद असते.

तो हातात आला की एकेक रकाना सावकाश वाचा. पुष्कळदा तिथे वारलेल्या विश्वस्तांची नावं दिसतात. मागाहून बांधलेला सभामंडप मिळकतीत नसतो. विश्वस्त नेमण्याच्या रीतीपुढे ‘घटनेप्रमाणे’ एवढंच लिहिलेलं असतं आणि घटनेची प्रत कुणाकडेच नसते. फूट पडल्यावर दोन्ही गट नेमके या रिकाम्या जागांत शिरतात.

म्हणून चेंज रिपोर्टबद्दल जरा सविस्तर सांगतो. विश्वस्त बदलला, मिळकत वाढली, पत्ता बदलला, तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत तसा अहवाल द्यावा लागतो. कामं चालू असतात, सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून तो द्यायचा राहतो. दहा-पंधरा वर्षं अशीच जातात. मग वाद होतो आणि दोन्ही गट आपापली सभा घेऊन आपापली यादी घेऊन कार्यालयात येतात. एका अर्जाला दुसऱ्याची हरकत येते, आणि जी साधी नोंद व्हायची तिची चौकशी होते. सभेची नोटीस कुणाला गेली, पोच कुठे आहे, गणसंख्या होती का, सभासदांची यादी कोणती धरायची, असे प्रश्न साक्षीदारांना उलटतपासणीत विचारले जातात. त्यावर अपील होतं. तोवर जुन्या यादीतली माणसं कागदावर विश्वस्त राहतात आणि बँक सह्या मान्य करायला कचरते. पुजाऱ्याचा पगार, विजेचं बिल, अन्नछत्राचा किराणा, सगळं अडतं. यात दोष कुणाच्या श्रद्धेचा नसतो. न पाठवलेल्या एका फॉर्मची किंमत शेकडो लोक मोजतात, आणि मला हे फार अन्यायाचं वाटतं.

आता मिळकत. बंगळूरच्या दाव्याचा गाभा इथेच होता. मुंबईचं म्हणणं होतं की बंगळूरची नोंदणीकृत संस्था नावापुरतीच होती, प्रत्यक्ष कारभार मुंबईच्या शाखेचा होता आणि म्हणून मंदिरही मुंबईचं. बंगळूरचं म्हणणं होतं की जमीन आम्हाला मिळाली आणि मंदिर आम्ही बांधलं. टेकडीची जमीन बंगळूर विकास प्राधिकरणाने १९८८ मध्ये दिली होती. तेव्हा प्रश्न उरला की कागदावरचं ‘इस्कॉन’ म्हणजे दोघांतलं कोण? नाव दोघांचंही असल्यामुळे नुसतं नाव वाचून तो सुटणं शक्य नव्हतं. अर्ज कुणी केला, वाटपपत्र कोणत्या संस्थेला, खरेदीखतात वर्णन काय, पैसे कोणत्या खात्यातून गेले, हे पाहावं लागलं. त्याच कागदांवरून उच्च न्यायालय एका निष्कर्षाला आलं आणि सर्वोच्च न्यायालय उलट निष्कर्षाला. सर्वोच्च न्यायालयाने जमीन कर्नाटकात नोंदलेल्या संस्थेची ठरवली.

आपल्याकडे खरेदीखतात ‘श्री दत्त मंदिर’ एवढंच लिहिण्याची पद्धत आहे. कधी जमीन अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर घेतली जाते, ‘नंतर संस्थेच्या नावे करू’ असं म्हणून. अध्यक्ष वारले की त्यांच्या मुलांची नावं सातबाऱ्यावर चढतात. खरेदीखतात संस्थेचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि कोणत्या कायद्याखाली नोंदणी झाली, या तिन्ही गोष्टी हव्यात. सातबारा किंवा फेरफार हा महसुली नोंदीचा कागद आहे, मालकी त्यावरून ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. देणगीच्या पावतीवर, पॅन कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर नाव अक्षरश: तेच असू द्या.

काही वेळा वाद फुटीतून नाही, एकत्र येण्यातून निघतो. सहा पंथांची मंडळी एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात गुजरातमधल्या फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रदरनचं विलीनीकरण झालं असं धरलं गेलं, पण काही सभासदांनी ते मानलं नाही आणि मूळ नाव चालू ठेवलं. गुजरातलाही आपलाच १९५० चा विश्वस्त कायदा लागू होता. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावाने न्यासाची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते. मनं जुळली तरी मिळकत वेगळ्या वाटेने जाते, आणि ती वाट धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून जाते.

स्कॉटलंडमध्ये याहून मोठा धक्का बसला होता. तिथल्या फ्री चर्चच्या मोठ्या बहुमताने १९०० मध्ये दुसऱ्या एका चर्चशी एकी केली. थोडे लोक बाहेर राहिले आणि म्हणाले की मूळ तत्त्वांना धरून राहिलेले आम्हीच खरं फ्री चर्च. १९०४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने सगळी मिळकत त्या अल्पसंख्यांना दिली. त्यांच्याकडे एवढी चर्चं चालवायला माणसंही नव्हती. शेवटी १९०५ मध्ये पार्लमेंटला वाटणीसाठी वेगळा कायदा करावा लागला. बहुमत आपल्याकडे आहे म्हणून नाव आणि मिळकत आपलीच, असं समजणाऱ्यांनी हा दाखला जरूर आठवावा.

दावा लावायची वेळ आलीच तर दोन गोष्टी जपा. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाच्या मिळकतीबद्दल किंवा विश्वस्तांच्या गैरकारभाराबद्दल हितसंबंधी व्यक्तींना दावा करायचा असेल, तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५० खालच्या दाव्याला धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती लागते. ती न घेता लावलेला दावा सुरुवातीलाच अडकतो. दुसरं, मागणी अपुरी ठेवू नका. ‘आम्हीच खरी संस्था आहोत असं जाहीर करा’ एवढंच मागितलं आणि ताबा मागणं शक्य असून मागितला नाही, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे कोर्ट तसं जाहीर करायला नकार देतं. जाहीर करण्याच्या मागणीबरोबर ताबा किंवा मनाई हुकूम, जे लागू असेल ते, मागा.

नाव वापरण्यापुरताच वाद असेल तर ट्रेडमार्कचा, म्हणजे व्यापारचिन्हाचा, कायदा कामी येतो, पण त्याला मर्यादा आहेत. एका कपडे कंपनीविरुद्धच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘इस्कॉन’ हे सुप्रसिद्ध चिन्ह ठरवलं, म्हणजे इतर मालावरही ते कुणाला वापरता येणार नाही. उलट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या नावावर एकाचीच मक्तेदारी मान्य केली नाही. संस्थेने स्वत: घडवलेलं नाव राखता येतं. सगळ्यांच्या श्रद्धेचं नाव कुणा एकाला सहसा मिळत नाही. आपल्या मंडळाचं नाव ‘श्री गणेश’ असेल, तर शेजारच्या गल्लीतल्या मंडळाला ते काढायला लावण्याची आशा धरू नका.

तडजोडीचा रस्ता प्रत्येक टप्प्यावर खुला असतो. अनेकांच्या वतीने प्रातिनिधिक दावा असेल, तर मात्र कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड ग्राह्य धरत नाहीत. दोन गटांच्या पुढाऱ्यांनी बाहेर बसून कागदावर सह्या केल्या म्हणजे प्रश्न मिटला, असं समजू नका. तो कागद कोर्टात दाखल करून परवानगी घ्या.

आणि हे सगळं वाद व्हायच्या आधी सोपं असतं. आपल्या संस्थेत आज सगळे एकमेकांशी बोलत असतील, तर याच महिन्यात परिशिष्ट एकचा उतारा आणि घटनेची शिक्का मारलेली प्रत काढा. सर्वसाधारण सभेत ती मोठ्याने वाचा, राहिलेले चेंज रिपोर्ट भरा आणि सभासदांच्या यादीवर सर्वांच्या सह्या घ्या.