घावानंतरची आच

नाशिकच्या तांबट लेनमध्ये कारागीर तांब्याचा पत्रा ठोकत असतो, तेव्हा त्याचं निम्मं लक्ष कानात असतं. सुरुवातीला घाव बद्द पडतो. ठोकता ठोकता आवाज खणखणीत होतो, हातोडा उसळू लागतो आणि कारागीर थांबतो. आणखी घाव घातले तर पत्रा तडकेल, हे त्याला कळलेलं असतं. सांडशीत धरून तो भांडं भट्टीत लाल करतो आणि सरळ पाण्यात बुडवतो. बाहेर येतं ते मऊ होऊन.

लोहाराकडे नेमकं उलटं घडतं. तापलेलं पोलाद पाण्यात घातलं की कडक होतं. तांबं तसं होत नाही, कारण गार होताना त्याची अंतर्गत रचना पोलादासारखी बदलत नाही. पत्रा म्हणजे असंख्य बारीक स्फटिक. घाव बसला की त्यांतले अणूंचे थर रचनेतल्या सूक्ष्म दोषांच्या आधाराने एकमेकांवरून घसरतात. ठोकत राहिलं की हे दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि घसरायला वाट उरत नाही. आच लागली की त्या ताणलेल्या स्फटिकांच्या जागी नवे, निवांत स्फटिक उगवतात. धातुशास्त्राचा पहिला तास वर्गात न घेता या आळीत घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

ही आच कमी पडली की काय होतं, ते बंदुकीच्या काडतुसांनी दाखवून दिलं. अमेरिकेत रेमिंग्टन घराण्याचा बंदुकीचा धंदा 1816 मध्ये घरच्या लोहारशाळेतून सुरू झाला. तेव्हा सगळी कसोटी लोखंडी नळीची होती. शतकाच्या उत्तरार्धात पितळी काडतुसं आली आणि बंदूकवाल्यांची गाठ तांबटांच्या धातूशी पडली: साधारण 70 भाग तांबं, 30 भाग जस्त. पितळेची चकती थंड असतानाच दाबत, ओढत तिचं नळकांडं करायचं. ओढताना बसलेला ताण धातूतच राहायचा.

हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत. पाऊस सरल्यावर पाहावं, तर न झाडलेली काडतुसं चिरलेली! घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि दमट हवा स्फटिकांच्या सांध्यांवर हल्ला करत, आतला ताण ते सांधे उकलत जाई. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी 1921 मध्ये याचा उलगडा केला. उपाय होता बेताच्या आचेचा. पितळ लाल होईतो तापवायचं नाही. ताण निघून जाईल आणि कडकपणा राहील, इतकीच ऊब द्यायची.

अमोनियाचा तोच उग्र वास कल्हई करतानाही नाकात शिरतो. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. आम्ल पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर काढतं, आणि 232 अंशांना वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यामागून चकाकत पसरतं.

तांब्याच्या भांड्यावर शेवटचा हात मठारकामाचा. एकाशेजारी एक, हलके, सारख्या वजनाचे घाव पडत जातात आणि प्रत्येक घाव चमकती टिकली सोडतो. या घावांनी आलेला कडकपणा मात्र तांबटाला हवा असतो. पातळ पत्र्याचा हंडा भरल्यावर पोचू नये, म्हणून मठारल्यानंतर तो पुन्हा भट्टीत जात नाही.