दोन पंप, दोन भाव

एकाच शहरातील दोन पेट्रोल पंपांवर भाव सारखा का नसतो, हा प्रश्न वाचक आम्हांस वारंवार विचारतात; आणि तो विचारताना पंपचालक लबाड असल्याची शंका बहुधा त्यांच्या मनात आधीच घर करून बसलेली असते. मापात लबाडी होतच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. त्यासाठीच तर प्रत्येक पंपावर वजनमापे खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप ठेवावे लागते, आणि त्यात पेट्रोल मोजून मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. परंतु भावातील फरक ही निराळी गोष्ट. सरकारी कंपन्यांच्या पंपांवर भाव ठरविणे पंपचालकाच्या हाती नसते. कंपनी ठरविते आणि तो फलकावर लावतो. त्याच्या पदरी ठरलेले कमिशन तेवढे पडते.

मग हा काही पैशांचा फरक येतो कोठून? मुख्यतः वाहतुकीतून. मुरगाव बंदरात जहाजाने उतरणारे इंधन वास्कोच्या परिसरातील टाक्यांत साठते आणि तेथून टँकरने काणकोणपासून पेडण्यापर्यंत पोहोचते. पंप जितका दूर, तितके भाडे अधिक. शिवाय इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही कंपन्या सरकारच्या म्हटल्या, तरी प्रत्येकीचा पुरवठा व हिशेब आपापला. मोठ्या राज्यांच्या दूरच्या कोपऱ्यांत हे भाडे चांगलेच चढते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपन्यांनी राज्यांतर्गत भाड्याची फेररचना केली, तेव्हा ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात काही ठिकाणी पेट्रोल लिटरमागे ४ रुपयांहून अधिक उतरले. आमच्या चिमुकल्या गोव्यात हे प्रकरण पैशांतच संपते.

खाजगी कंपन्यांची तऱ्हा वेगळी. जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला. जून २०१७ पासून तो रोज सकाळी ६ वाजता बदलावा, असेही ठरले. प्रत्यक्षात ६ एप्रिल २०२२ नंतर सरकारी कंपन्यांनी जवळजवळ दोन वर्षे आपला भाव हलविला नाही, आणि मार्च २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक दाराशी आलेली असताना, लिटरमागे २ रुपये उतरविले. मुक्त भावाला निवडणुकीचे पंचांग कळते, ही नवलाची गोष्ट आहे! २०२२ मध्ये कच्चे तेल भडकले असता ज्या खाजगी कंपन्यांना हा तोटा सोसवेना, त्यांनी भाव चढा ठेवला. शेजारशेजारच्या दोन पंपांमध्ये काही रुपयांची तफावत दिसली, ती त्यामुळे.

हे सारे खरे असले, तरी खरा फरक गावात नाही, सीमेवर आहे. बांदा-सावंतवाडीकडचा वाहनचालक पत्रादेवी ओलांडून आणि कारवारचा पोळेला येऊन टाकी भरतो, तो काही वास्कोच्या टाक्या जवळ म्हणून नव्हे. पेट्रोल आणि डिझेल २०१७ च्या वस्तू व सेवा करातून बाहेर राहिल्यामुळे त्यांवरील कर प्रत्येक राज्य आपल्या मर्जीने बसविते. जून २०२४ मध्ये गोव्याने पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २१.५ टक्के केला. त्याच महिन्यात कर्नाटकाने आपला विक्रीकर २९.८४ टक्क्यांवर नेला. करापूर्वीचा भाव ८० रुपये धरला, तर गोव्याचा कर १७ रुपये २० पैसे होतो आणि कर्नाटकाचा २३ रुपये ८७ पैसे. महाराष्ट्राचा कर त्या वर्षी २५ टक्के होता, आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे अधिभार. पलीकडच्या पंपचालकाचे गिऱ्हाईक जाते, ते त्याच्या कोणत्याही अपराधाविना.

म्हणून गोमंतकीयाने आपल्या स्वस्ताईवर विसंबून राहावे, असे मात्र नाही. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने हाच कर ०.१ टक्क्यावर आणला होता आणि पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरले होते. त्या वर्षी खाणी बंद पडल्या, तिजोरीला ओहोटी लागली, आणि कर टप्प्याटप्प्याने पुन्हा चढला. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्कात पेट्रोलवर ५ व डिझेलवर १० रुपयांची कपात केली. गोवा सरकारने त्यात आणखी ७-७ रुपयांची भर घातली. विधानसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर आली होती. महाराष्ट्राने आपला कर उतरविण्यास जुलै २०२२ उजाडला. टक्केवारीच्या कराची आणखी एक खुबी अशी, की तो केंद्राच्या शुल्कावरही बसतो, आणि मूळ भाव चढला की विधानसभेत एक शब्दही न उच्चारता राज्याचा वाटा आपोआप वाढतो.

राज्याला पैसा लागतो, हे आम्ही जाणतो; कर घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. तो उघड घ्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. उपाहारगृहातील बिलावर कर वेगळा लिहिलेला असतो, पेट्रोलच्या पावतीवर मात्र एकच आकडा. दिल्लीच्या भावाची फोड इंडियन ऑइल प्रसिद्ध करते: मूळ किंमत किती, भाडे किती, शुल्क किती, कमिशन किती, राज्याचा कर किती. तशीच फोड गोव्यातील प्रत्येक पंपावर मराठी व कोकणीतून लावण्याचा आदेश राज्य सरकारने काढावा. त्याचा खर्च एका फलकाचा आहे.